सदतीस नंबरच्या घरातले डास

ओढ्याच्या काठावर माझी नोकरी वाळत पडली होती.

पुलावर स्कूटी थांबवून मी मोजायला लागले. मोजणे हाच तेव्हा माझा धंदा होता. करवंदीच्या जाळ्यांवर, दगडांवर, फडतऱ्यांच्या शेताच्या तारेवर, जिथे म्हणून जागा होती तिथे काळी कापडं पसरली होती. त्यांच्या आजूबाजूला गोधड्या, वाकळा, चादरी, पोत्यांची बस्करं असा सगळ्या गावाचा संसार होता. पण मला फक्त काळं दिसत होतं. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. मग मोजायला काही उरलं नाही, तशी मी पुलाच्या कठड्यावर बसले.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. सातारा जिल्ह्यातल्या वडजाईवाडी नावाच्या साठ उंबऱ्यांच्या गावात आमच्या संस्थेने एक प्रयोग मांडला होता. आदल्या दोन पावसाळ्यांत या भागात डेंग्यूने धुमाकूळ घातला होता. त्याचा डास दिवसा चावतो आणि चावून झालं की घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, खुंटीवरच्या कपड्यांत जाऊन बसतो. काळ्या कापडावर तर हमखास. म्हणून आम्ही प्रत्येक घरात दीड मीटर काळं कापड टांगलं होतं आणि त्याला तेलात कालवलेली एक बुरशी लावली होती. ही बुरशी माणसाला काही करत नाही. डास मात्र तिच्यावर बसला की ती त्याच्या पायांना चिकटते, तिथे रुजते, आत शिरते आणि त्याला आतून खाऊन टाकते. आठवडाभरात डास आटोपतो. मेलेला डास ओल्या कागदावर ठेवला की एक-दोन दिवसांत त्याच्या अंगावर पांढरा कापूस उगवतो. तोच पुरावा. प्रयोगशाळेत हे सगळं झकास होत होतं. घरात होतं का, ते बघायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून समिती येणार होती. तिला कापूस उगवलेले डास दाखवले तर प्रकल्प दोन वर्षं वाढणार होता आणि प्रकल्पाबरोबर मीही. नाही दाखवले तर डिसेंबरात मी रत्नागिरीला घरी. घरी बाबांनी एक स्थळ पाहूनच ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, त्याचा आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना होता, फक्त तो डब्यांशिवाय दुसऱ्या कशावर बोलत नसे. त्याला दोनदा भेटून मला पत्र्याच्या जाडीबद्दल बरीच माहिती झाली होती. तिसऱ्या भेटीला मी घाबरत होते.

"या मॅडम," खालून शालनताई फडतरेंनी हाक मारली. बचत गटाच्या अध्यक्ष. गावातल्या बायका शालनताईंच्या शब्दाबाहेर नसत आणि पुरुष तर नसतच नसत. पदर खोचून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि हातातल्या धोपटण्याने माझ्या प्रकल्पाला बडवत होत्या. "तुमचं बी काढलं बघा धुऊन."

"शालनताई, हे सगळ्यांनी धुतलं?"

"मग? दसरा काढला न्हवं समद्यांनी."

"अहो, पण मी सांगितलं होतं ना, कापडाला कुणी हात लावायचा नाही."

"हात कुनी लावलाय? काठीनं काढलं, पाटीत टाकलं, पाण्यात बुडवलं. आता बडवायलाबी हात लागत न्हाई." त्यांनी ते कापड पिळून माझ्यापुढे झटकलं. "आन् काय अवतार झाल्ता त्याचा. तेलकट ते तेलकट, वरनं पांढरी भुरी. असलं लोंबतं ठिवून घट बसवायचा व्हय घरात? देवी दारातनंच माघारी जाईल. आता बघा कसं लख्ख झालंय."

लख्ख झालं होतं, यात वादच नव्हता.

आता यात चूक कुणाची, हे मी इतक्या वर्षांनी शांतपणे सांगू शकते. मी कोकणातली. आमच्याकडे घर खालपासून वरपर्यंत धुऊन निघतं ते गणपतीच्या आधी. म्हणून मी मोठ्या हुशारीने वेळापत्रक मांडलं होतं की गणपती बुडाल्यावर कापडं लावू, म्हणजे धुणीधाणी उरकलेली असतील. माझे साहेब ठवकर सर नागपूरकडचे. त्यांच्याकडे सफाई दिवाळीची. म्हणून त्यांनी तितक्याच हुशारीने सांगितलं होतं की दिवाळीच्या आत सगळं गुंडाळू. दोन टोकांना दोन पहारेकरी उभे केले आणि मधला दसरा कुणाच्या लक्षातच आला नाही. या भागात घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी ओढ्यावर जाते. त्याला म्हणतात दसरा काढणे. हे त्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, फक्त आम्हा दोघा शास्त्रज्ञांना नव्हतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, कापडं धुतली."

"धुतले?" सर म्हणाले. "धुतले म्हणजे पाण्यानं?"

"साबणाने, सर."

मग सरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. "कोणता साबण?"

"सर, काय फरक पडतो?"

"नाही, तसा नाही पडत." सर म्हणाले. "बुरशी आहे म्हणून नाही ना सांगितलं तू त्यांना?"

"नाही सर. औषध म्हणूनच सांगितलं होतं."

हा सरांचा कडक नियम होता. बुरशी हा शब्द गावात काढायचा नाही. बायामाणसांच्या घरात बुरशी टांगतो म्हटलं तर लोक आपल्याला टांगतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते मलाही पटलं होतं. आमच्या घरी लोणच्याला बुरशी आली तर आई दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे. आणि गावात माझं नाव तसंही फार चांगलं नव्हतं. डास पकडायची आमची एक काचेची नळी असते. तिला पुढे रबरी नळी आणि मध्ये जाळी. डासापाशी काच न्यायची आणि तोंडाने ओढायचं, की डास सुळकन काचेत. हे करताना मला पहिल्याच दिवशी कुणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत मी डास पिणारी बाई झाले. त्यात सहाव्या दिवशी जाळी सरकली, तेव्हा ते अगदीच खोटंही राहिलं नाही.

"एक तरी घर सुटलं असेल ना बाप्पा," सर म्हणाले. "एक तरी आळशी बाई असेल. शोध तिला."

मी गाव पालथं घातलं. वडजाईवाडीत आळशी बाई नव्हती. पहिल्या घरात ओढ्यावरून नुकतंच आणलेलं कापड इस्त्री करून, घडी घालून मला परत दिलं. अकराव्या घरात म्हणाले, धुतलंय पण वाळायचंय, घाई असंल तर ओलंच न्या. चाळीस नंबरच्या घरात त्याचा परकर शिवून झाला होता. ज्यांनी शिवला त्यांनी आतून आणून अभिमानाने दाखवला. शिवण खरंच छान होती. ओढ्यावरची, शालनताईंच्या हातातलं धरून, अठ्ठावन्न आणि एक परकर, म्हणजे एकोणसाठ. एक कुठेतरी राहिलं होतं.

गावाच्या पार टोकाला, उसाच्या कडेला सदतीस नंबरचं घर होतं. तिथे तानूबाई निकम एकट्या राहत. पन्नाशी उलटलेल्या, काटक, बोलायला अगदी मोजक्या. मी कापड टांगायला गेले होते तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. खुंटी दाखवली होती आणि चुलीकडे वळल्या होत्या. म्हणून त्या माझ्या फारशा लक्षातही राहिल्या नव्हत्या.

दारातूनच मला ते दिसलं. आतल्या खोलीत, कोपऱ्यात, तेलकट, भुरकट, देखणं. माझे डोळे भरून आले. एखाद्या मळक्या फडक्याकडे बघून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

"मावशी, तुम्ही हे धुतलं नाही?"

"न्हाई."

"बरं केलंत. फार बरं केलंत. सगळ्या गावाने धुतलं. तुम्ही कसं काय..."

"यंदा आमच्यात घट न्हाई," तानूबाई म्हणाल्या. "घट न्हाई त दसरा कुनासाठी काढायचा?"

मी तरीही कशी कोण जाणे, उत्साहात विचारलं, "घट का नाही?"

"सून गेली गेल्या साली. दिवाळीच्या तोंडावर. राणी नाव. वरीसशाद्द झाल्याबिगर सण न्हाई करत." त्यांनी पदराला हात पुसले. "डेंगू झाल्ता. चार दिस तापली, पाचव्या दिशी दवाखान्यात न्हेली, सव्या दिशी आनली. पोरगा तवापासनं पुण्याला गेला त्यो आलाच न्हाई. ऱ्हाऊंदे म्हनलं. हितं येऊन तरी काय करायचं त्यानं."

मी ज्या कापडासाठी देवाचे आभार मानत उभी होते ते का वाचलं होतं, हे कळल्यावर आभार तोंडातच राहिले.

"बसा," त्या म्हणाल्या. "त्या कापडाला काय लावलंय?"

औषध, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या घरात ते म्हणवेना. "बुरशी आहे, मावशी," मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. पायांना चिकटते, रुजते, आत शिरते.

"डास मरत्यात?"

"मरतात. आठवड्याने."

"लगेच न्हाई?"

"नाही. लगेच मरायची गरजही नाही." हे समजावणं सगळ्यात कठीण जायचं. मोठे मोठे अधिकारी इथे हसायचे, आमची चप्पल बरी म्हणायचे. "डासाने आजारी माणसाला चावलं की तो आजार त्याच्या अंगात जातो. पण तो तिथे पिकायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर तो कितीही चावला तरी आजार देत नाही. पिकला की मग देतो. त्याआधी डासाला मारलं की झालं."

तानूबाई विचार करत होत्या. "म्हंजे त्याला म्हातारं हू द्यायचं न्हाई."

"अगदी तेच."

"राणीला चावला त्यो म्हातारा व्हता."

"हो," मी म्हटलं. "म्हातारा असणार."

त्या उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली बॅटरी माझ्या हातात दिली. "हायत बघा आत. काढा."

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून अकरा डास पकडले. मी नळी धरली आणि तानूबाईंनी बॅटरी आपल्याकडे घेऊन डास दाखवले. माझ्यापेक्षा त्यांची नजर तयार होती. कणगीमागे दोन, देवळीत एक, राणीच्या साड्या ठेवलेल्या ट्रंकेच्या मागे चार, असे त्यांनी एकेक हेरून दिले. मी त्यांना एकेका कागदी पेल्यात घातलं, वर जाळी बांधली आणि जाळीवर साखरपाण्याचा बोळा ठेवला.

"त्यास्नी साखरपानी?"

"उपाशी मेले तर बुरशीने मेले असं कसं म्हणणार?"

"आदी तुम्ही च्या घ्या मग," त्या म्हणाल्या. "डासाला साखर आन् मानसाला कायच न्हाई, बरं दिसत न्हाई ते."

मग माझा रिवाजच पडला. साताऱ्याहून वाडीला तासाभराचा रस्ता. दर एक दिवसाआड मी काहीतरी निमित्त काढून जायची आणि आधी सदतीस नंबर गाठायची. तानूबाई दारात उभ्याच असायच्या. मुलीच्या परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारायच्या, "किती?" तिसऱ्या दिवशी एकही नाही. त्यांचं तोंड उतरलं. पाचव्या दिवशी दोन. सातव्या दिवशी सहा. नवव्या दिवशी नऊ, आणि नऊच्या नऊ मुडद्यांवर पांढराशुभ्र कापूस. तेव्हा त्या मला पहिल्यांदा हसताना दिसल्या.

"ऱ्हायल्यालं दोन?"

"ते टणाटण आहेत अजून."

"ऱ्हाऊंद्या. असत्यात एकेक नशीबवान."

इकडे संस्थेत ठवकर सर चिंतेत होते. "एका घराचे अकरा डास म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "समिती हसेल आपल्याले. अकरा घरातले अकरा डास असते तर गोष्ट वेगळी होती." मग त्यांनी खिडकीबाहेर बघत, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं, "डास तर याच गावचे आहेत. या घरातून त्या घरात जातातच. आज निकमांकडे आहे तो काल फडतऱ्यांकडे नसेल कशावरून?"

"सर, म्हणजे..."

"मी काही नाही म्हणून राहिलो. मी फक्त डासाच्या सवयी सांगून राहिलो."

मी चांगली माणूस आहे असं मला तोवर वाटायचं. त्या संध्याकाळी मी अकरा नवी लेबलं लिहिली. घर क्रमांक चार, घर क्रमांक नऊ, घर क्रमांक बारा, अशी. अक्षर अगदी छान आलं. डबे, पत्रा, रस, असं एकेक डोळ्यांपुढे येत होतं आणि मी लिहीत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर अकरा पेले ओळीने. समितीच्या प्रमुख डॉ. गोळे मॅडम पुण्याच्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचा आवाज खाली जात असे आणि तोच जास्त भीतीचा असे. बरोबर दोन सदस्य होते, ते पोह्यांत रमले होते. बचत गटाच्या बायका चहापाणी बघत भिंतीला लागून उभ्या होत्या.

गोळे मॅडमनी भिंग काढलं आणि एकेक पेला बघायला सुरुवात केली. "सुंदर," त्या म्हणाल्या. "अकरा वेगवेगळी घरं आणि नऊ ठिकाणी लागण. घरातल्या परिस्थितीत हे फारच सुंदर आहे, ठवकर."

सर लाजले. मी टेबलाची कडा घट्ट धरून उभी होते. दोन वर्षं मिळाली, असं मनात म्हणत होते.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या शालनताई पेल्यांपाशी थांबल्या. वाचायला त्यांना फार आवडे. बचत गटाच्या पाटीपासून खताच्या पोत्यापर्यंत त्या सगळं मोठ्याने वाचत. "घर क्रमांक बारा, फडतरे," त्यांनी वाचलं. "आगं बया. ह्यो आमच्यातला व्हय?" त्यांनी वाकून बघितलं. "पर आमचं कापड तर धुतलं की वं. आमच्यातला कसा मेला?"

"ताई, चहा तिकडे द्या," ठवकर सर म्हणाले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "त्यो तुमच्यातला न्हाई. त्यो माझा."

तानूबाई आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वर्षभरात गावात चारचौघांत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बायकांनी मुकाट्याने वाट दिली. त्या सरळ टेबलापाशी आल्या आणि डाव्या हाताने पेले मोजायला लागल्या. अकरा झाले तेव्हा थांबल्या.

"ह्यो कनगीमागचा. ह्यो बी. हे चार ट्रंकंमागचं. आकराबी माझ्या घरातलं हायत. दुसऱ्याच्या नावावर का लावल्यात?"

त्यांनी हे समितीला नाही, मला विचारलं. रागाने नाही. आपल्या झाडाची फळं शेजाऱ्याच्या टोपलीत दिसल्यावर माणूस जसं बघतं, तशा बघत होत्या. त्या घरातून वर्षभरात चांगलं असं एवढंच बाहेर पडलं होतं आणि ते मी वाटून टाकलं होतं.

"या काय म्हणतायत?" गोळे मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, गावातला आपसातला विषय आहे," सर म्हणाले.

"खरं आहे त्यांचं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "अकराही डास निकमांच्या घरातले आहेत. बाकी एकोणसाठ घरांतली कापडं धुतली गेली. लेबलं मी बदलली."

पोह्यांचे चमचे थांबले. गोळे मॅडमनी चष्मा काढला आणि त्यांचा आवाज खाली गेला. "तुम्ही बदललीत. कुणी सांगितलं?"

मी सरांचं नाव घेतलं नाही. इथे ठवकर सर सुटू शकत होते. ते दोनदा खाकरले, त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी डासाच्या सवयी सांगितल्या होत्या, मॅडम. त्यातून तिनं जे घेतलं ते मला अपेक्षितच होतं." त्यांच्या परीने हा कबुलीजबाबच होता आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

"आणि कापडं का धुतली?"

"दसरा काढला," भिंतीकडून एकदम दहा-बारा आवाज आले.

"पण साफसफाई तर दिवाळीला..." गोळे मॅडम म्हणाल्या.

"तेच तर मी म्हणून राहिलो होतो," सर म्हणाले.

"आमच्याकडे गणपतीला," मी म्हटलं.

शालनताईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आन् आमच्यात कवा आस्ती त्ये कुनी इचारलं व्हतं?"

कुणी विचारलं नव्हतं. वेळापत्रक मी केलं होतं, सरांनी तपासलं होतं आणि गोळे मॅडमनी त्यावर सही केली होती. ती सही आत्ता फाइलीत उघडी पडली होती आणि मॅडम तिच्याकडेच बघत होत्या.

"निदान त्या कापडावर बुरशी आहे, ती धुऊन जाईल, एवढं तरी यांना सांगायचं होतं," त्या मला म्हणाल्या.

"बुरशी?" शालनताईंनी ट्रे खाली ठेवला. आता टांगतात आपल्याला, असं सरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "बुरशी म्हंजे उसातल्या हुमणी किड्याला टाकत्यात ती?"

"ती नाही," सर क्षीण आवाजात म्हणाले. "तिची बहीण."

"आवो मग बोलायचं न्हाई व्हय तसं? तीन साल टाकतोय आमी. ताकातनं, गुळाच्या पान्यातनं. दिस कलल्यावर टाकायची, उनात न्यायची न्हाई, साबन-औषदाचा हात लावायचा न्हाई. ही आमची पुष्पी बी सांगंल तुमास्नी." पुष्पीने मान डोलावली. "तुमी म्हनला औषद. औषदाचं भांडं आमी धुतोच. बुरशी म्हनला असता तर सावलीत झाकून ठिवली असती की."

सर खुर्चीत बसले. मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतं. गोळे मॅडमनी मान खाली घातली होती. त्यांचे खांदे हलत होते. पण वर बघितलं तेव्हा चेहरा कोरा होता. त्यांनी अकराही लेबलं एकेक करून सोलून काढली, पिशवीतून पेन काढलं आणि अकरा पेल्यांवर स्वतःच्या हाताने लिहिलं : घर क्रमांक सदतीस, निकम.

"एक घर, अकरा डास, त्यातले नऊ," त्या म्हणाल्या. "एवढंच आहे. थोडं आहे, पण एवढंच आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "नार्वेकर, खोटी लेबलं लावणारा माणूस मी दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. तुम्हाला माहीत असेल."

"हो मॅडम."

तानूबाई अजून टेबलापाशीच होत्या. आपली लेबलं परत आल्यावर जाव्यात असं मला वाटत होतं, कारण त्यांच्यासमोर मला उभं राहवत नव्हतं. त्या गेल्या नाहीत.

"हिला काढनार व्हय?" त्यांनी विचारलं.

"चूक मोठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"हाय की. माझं डास दुसऱ्याला दिलं हिनं. म्या इसरनार न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पर काढू नगासा. वरीस झालं, सुतकाचं घर म्हनून आमच्यात कुनी बसाय येत न्हाई. मानूस गेलं की लोक बी जात्यात. ही डासासाठी का हुईना, एक दिसाआड येती. च्या पिती."

शालनताईंनी पदराने टेबलावरचा नसलेला चहा पुसला. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्या तानूबाईंना म्हणाल्या, "वैनी, बसा की. उबं किती ऱ्हाताय." आणि एक खुर्ची ओढून दिली.

मला काढलं नाही. सहा महिने पगार वाढला नाही आणि माझं प्रत्येक लेबल वर्षभर पुण्याला तपासायला जात असे. आंब्याच्या डब्यांना दुसरं स्थळ मिळालं. प्रकल्प दोन नाही, एक वर्षाने वाढला. नवं वेळापत्रक समाजमंदिरात बसून शालनताईंनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कापडं आषाढात लावायची, महिन्याला पुन्हा बुरशीत बुडवायची, आणि भाद्रपदात दसरा काढतील तेव्हा ती मुकाट्याने धुवायला द्यायची. घट उठले की त्याच स्वच्छ कापडांना नवी बुरशी. अहवालात या टप्प्याला आम्ही भारदस्त नाव दिलं होतं, पण अर्थ तेवढाच.

पुढच्या वर्षी दसरा काढायच्या दिवशी मी वही घेऊन ओढ्यावर उभी होते. धुवायला आलेल्या कापडांची नोंद करायची होती. बायका आल्या, पाटी रिकामी केली, मला चिडवलं, धोपटणी सुरू झाली. उन्हं वर आली तोवर माझ्या वहीत एकोणसाठ खुणा झाल्या होत्या. मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. सदतीस नंबरला जावं की नको, ते ठरेना. काय म्हणून विचारणार होते?

मग उसाच्या वाटेने तानूबाई येताना दिसल्या. डोक्यावर भलं मोठं गाठोडं होतं. शालनताईंनी पुढे होऊन त्याला हात लावला. दोघींनी ते दगडावर उतरवलं आणि सोडलं. दोन वर्षांच्या गोधड्या होत्या, राणीच्या साड्या होत्या, आणि सगळ्यांत वर काळं कापड. तानूबाई पदर खोचून पाण्यात उतरल्या, ते कापड त्यांनी बुडवलं आणि असं बडवलं, असं बडवलं, की पाणी माझ्या वहीपर्यंत उडालं.

मी लिहिलं : धुतलेली कापडं, साठ.